गाऱ्हाण्यात गेलेली खोली

या जगात दोनच गोष्टी आहेत, स्थिर खर्च आणि बदलता खर्च, असं छातीठोकपणे मानणारा आणि त्यातून सख्ख्या नातेवाइकांनाही न वगळणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, हे मी माझं भाग्य समजतो. धंदा चालो वा बंद राहो, जो द्यावाच लागतो तो स्थिर. कामाबरोबर फुगतो-आटतो तो बदलता. एवढी विद्या मलाही मामांकडूनच मिळाली, तीही मेहुणीच्या लग्नात. पाहुण्यांचा अंदाज बांधणं चाललं होतं, तेव्हा मामांनी मांडवात उभं राहून जाहीर केलं, "आत्या, काका, मावश्या हे स्थिर. जेवणात काही असो, येणारच. आमचे जावईबापू बदलते. कोंबडी-वडे असतील तर दोन दिवस आधी, वरण-भात असेल तर अक्षता पडल्यावर." मी समोरच उभा होतो. तोंडात वडा होता, त्यामुळे खंडन करता आलं नाही.

मामांची सगळी नोकरी पुण्यात एका कारखान्याच्या खर्च-हिशेब विभागात गेली. निवृत्तीनंतर ते पिंगुळीजवळच्या घरी येऊन राहिले, पण विभाग सोबत घेऊन आले. हिशेब ते शुद्ध मराठीत बोलत. मालवणी फक्त देवासाठी आणि माशांसाठी राखून ठेवलेली. बाजारात एकदा त्यांनी कोळणीला ऐकवलं, "बांगड्यात काटो किती, तो काय कोण खाता? वाया जाणारो माल तू माझ्या गळ्यात मारतंस!" ती पाट्यावरची सुरी न थांबवता म्हणाली, "काकानू, बिनकाट्याचो बांगडो दर्यात पोवाक लागलो काय माका सांगा, पयलो तुमकाच देतंय." मामांनी बांगडे घेतले, आणि वाटेत मला म्हणाले, "पुरवठादाराची बाजू भक्कम आहे."

पण त्यांचं सर्वांत आवडतं तत्त्व म्हणजे बुडीत खर्च. जे गेलं ते गेलं, त्याच्यामागे पुढचा वेळ घालवतो तो मूर्ख. एकदा आम्ही दोघं मालवणहून कुडाळला निघालो असताना एस.टी. भलत्याच रस्त्याला वळली. "चुकीच्या गाडीत बसलोय. तिकीट बुडालं. उतरा!" असं म्हणत मामांनी घंटी वाजवली आणि भर वैशाखात मला घेऊन उघड्या कातळावर उतरले. कंडक्टर दारातून ओरडत होता, "ओ मामानू, रस्त्याचा काम चललाहा! गाडी वळान कुडाळाकच जातली!" सावली म्हणून तिथे एक करवंदीचं झुडूप होतं, गुडघ्याएवढं. त्याच्याशेजारी बसून घाम पुसत मामा म्हणाले, "शास्त्रात चूक नाही. माहिती अपुरी होती."

या मामांना त्यांच्या मुलीनं, वैदेहीनं, आपल्या कंपनीचं परीक्षण करायला बोलावलं. हे म्हणजे मांजराला बांगडे राखायला बोलावणं होतं. वैदेहीची कुडाळात कॉम्प्युटरची कंपनी आहे. पुढच्या दालनात ती सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करते आणि शाळांना, पतपेढ्यांना, देवबागच्या होमस्टेवाल्यांना विकते. मागच्या खोलीत दोन कारागीर बिघडलेली यंत्रं दुरुस्त करतात. त्याच खोलीत, एका टेबलावर, तिनं धंदा सुरू केला होता. ऑनलाइन भावांपुढे विक्री घसरली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एकदा नीट बघा ना."

मामांनी पाहिलं. आधी धोके पाहिले: खारा वारा, वळवाची वीज आणि पाल. पाल उबेसाठी यंत्रात शिरते आणि आत स्वतःसकट सगळं संपवते. "हा विमा न उतरवता येणारा धोका आहे," मामा गंभीरपणे म्हणाले. मग धोरण सांगितलं: "ऑनलाइनशी भावात भांडू नकोस. त्यांना देता येत नाही ते विक." इथपर्यंत आम्ही माना डोलावल्या. मग खर्च आले. मागची खोली निम्मी जागा अडवते, म्हणजे निम्मं भाडं तिचं, निम्मी वीज तिची. आणि मिळकत बघावी तर चहापाण्याची. "ही खोली कंपनीला खाते आहे. बंद कर."

"आणि ती दोन माणसं, बाबा? माझं ते टेबल?"

"टेबलाला भावना नसतात. घसारा असतो."

वैदेही त्यानंतर त्यांच्याशी बोलेना. शेवटी ठरलं, कंपनीच्या वर्धापनदिनी पुढच्या दालनात सत्यनारायण आहे, जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर काय तो निर्णय घेऊ.

आमच्याकडे पूजा झाली की घरातला वडीलधारा देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ते म्हणायला विचार करावा लागत नाही, शिंकेसारखं येतं. मामा हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ही जी काय लेकराची कंपनी आसा, तिका ऑनलायनवाल्यांपासून सांभाळ!" "व्हय म्हाराजा!" "खारो वारो, वीज, पाल, जी काय पीडा असात ती भायरच्या भायर घालव!" "व्हय म्हाराजा!" आता मामा रंगले. डोळे मिटलेले, आवाज चढलेला, आणि राखून ठेवलेल्या मालवणीत पहिल्यांदाच हिशेब शिरला. "आणि ही मागची खोली, जी तोटो करता, ती आजपासून बंद होवांदे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही गर्जलो. मी गर्जलो, वैदेही गर्जली, आणि सगळ्यांच्या वर त्या दोन कारागिरांचा आवाज होता.

आपण कशाला होकार दिला, हे मग एकेकाच्या ध्यानात आलं. दोघांतला थोरला कारागीर उठला आणि मुकाट्यानं स्क्रू-ड्रायव्हर गोळा करायला लागला. मी म्हटलं, "अरे, थांब तरी!" तो म्हणाला, "देवाफुडे व्हय म्हटला. आता नाय कसा म्हणतलंव?"

सर्वांत अस्वस्थ मामाच झाले. "पुण्यात माझा एकही अहवाल हरकतीशिवाय मंजूर झाला नाही," ते मला म्हणाले. "हरकत नाही, म्हणजे कुणी तपासलाच नाही." दुसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. कारागीर हातातली शेवटची कामं उरकत होते. देवबागचा एक होमस्टेवाला कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. मिठानं आतलं सगळं खाल्लं होतं. "ह्यो गेलो," कारागीर म्हणाला. तो गृहस्थ हळहळला, पुढच्या दालनात गेला आणि वैदेहीला म्हणाला, "नवो दी गो. पण बिघडलो तर दुरुस्तीक हंयच हाडतलंय, काय?" दुपारी एक हेडमास्तर आले, तेही दुरुस्तीसाठी मागून शिरले आणि नव्याची मागणी नोंदवून पुढूनच बाहेर पडले. मामांनी चष्मा काढला.

"ऑनलाइनला देता येत नाही, ते हेच," ते पुटपुटले. "आणि खोली बंद केली म्हणून घरमालक भाडं कमी करणार आहे थोडाच? मीच ते खोलीच्या डोक्यावर ठेवलं, आणि वर म्हटलं, हिचं डोकं जड आहे."

पण दिलेला शब्द देवाकडे जमा होता. तो सोडवायला दुसरं गाऱ्हाणंच हवं. संध्याकाळी मामांनी नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, काल जा काय माझ्या तोंडातसून गेला, तेच्यात चूक झालेली आसा." "व्हय म्हाराजा!" "चूक खोलयेची नाय, माझी आसा." "व्हय म्हाराजा!!" मामांनी एक डोळा उघडला. "एवढ्या जोरान म्हणूची गरज नाय." "व्हय म्हाराजा!" शेवटी ते हळूच म्हणाले, "ही खोली, ही माणसां हंयच ऱ्हवांदेत." त्यावर मात्र वैदेहीनं नुसती होकाराची मान हलवली.

तेव्हापासून मामा रोज रिक्षानं येऊन त्या खुर्चीवर बसू लागले. एका दुपारी मी तिथे असताना त्यांनी विचारलं, "वैदेही, माझं येणं-जाणं, दोन वेळचा चहा. उत्पन्न शून्य. मला बंद केलं तर तुझं काय वाचेल?" ती एका यंत्रात डोकं घालून बसली होती. तशीच म्हणाली, "काही नाही वाचायचं, बाबा. तुम्ही स्थिर." मामा नंतर बराच वेळ रिकामा कप बशीत फिरवत राहिले.

यंदा त्यांचे गुडघे गेले; पिंगुळीहून येणं होत नाही. त्या खोलीत यंत्रांनी पाय ठेवायला जागा उरलेली नाही, पण खुर्ची कुणी हलवत नाही. मी गेलो की कारागीर मला स्टूल देतात. बदलत्याला स्टूल पुरतं. मामांचा मला फोन येतो तो त्या खुर्चीसाठीच.

"खुर्ची कुठे आहे?"

"आहे तिथेच."

"उगाच जागा अडवते. काढायला सांग तिला."

"सांगितलं. नाही म्हणाली."

मग पलीकडून रिकामा कप बशीत फिरवल्याचा आवाज येतो.