मागच्या सीटवरचा माणूस

तारिहाळच्या कारखान्यात लेथवर काम करणारा प्रेमानंद दारूच्या वाटेला फारसा जात नसे. धारवाडला मेव्हण्याच्या घरभरणीला मात्र आग्रहाला बळी पडला आणि दुपारी चारला मोटरसायकल काढून हुबळीकडे निघाला. नवनगरच्या अलीकडे पोलिसांनी अडवून यंत्रात फुंकायला लावलं. पहिलाच गुन्हा, त्यानं कबूलही केला. कोर्टानं दंड केला, परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला आणि वाहतूक पोलिसांच्या एका दिवसाच्या वर्गाला बसायचा हुकूम मिळाला.

वर्गात चौदा जण होते. शिकवणाऱ्या फौजदारबाई कन्नडमध्ये संथ आवाजात बोलत होत्या. दुपारी त्यांनी रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण लावलं, ज्याचं त्याचं. रायापूरच्या अलीकडचा रस्ता दिसला, मग प्रेमानंदची गाडी. ती हेलकावे खात होती. आणि मागच्या सीटवर पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा त्याच्या खांद्याला धरून बसला होता.

प्रेमानंद पुढे वाकून बघू लागला. तो एकटाच निघाला होता. अडवलं तेव्हाही एकटाच होता, हे बाईंनी कागद बघून सांगितलं. पुढच्या कॅमेऱ्यात मागची सीट रिकामी होती. त्याला मधलं काहीच आठवेना.

घरी त्यानं बायकोला, रश्मीला, सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा पांढरा सदराच घालायचे." त्याचे वडील बारा वर्षांपूर्वी वारले होते. छातीत दुखू लागल्यावर याच रस्त्यानं त्यांना हुबळीच्या दवाखान्यात नेताना, रिक्षातच. त्या रात्री दोघांनीही दिवा मालवला नाही.

रविवारी तो बसनं रायापूरला उतरला आणि दुकानादुकानांत त्या म्हाताऱ्याबद्दल विचारत फिरला. एका पंक्चरवाल्यानं गोदामाकडे बोट दाखवलं. तिथला म्हातारा राखणदार सिद्राम दारात बसला होता, डावा हात प्लास्टरमध्ये. प्रेमानंदला बघताच तो भिंतीला धरून उठला.

"आज प्यालेला नाहीस ना?" त्यानं आधी तेवढंच विचारलं.

मग सांगितलं. धारवाडच्या टोकाला त्यानं हात केला होता, प्रेमानंदनं आपणहून बसवून घेतलं. रायापूर आलं तरी गाडी थांबेना. थांब म्हटलं की वेग वाढायचा. शेवटी एका गतिरोधकाशी गाडी मंदावली तशी त्यानं उडी टाकली.

"तक्रार का नाही केलीत?"

"सारखा रडत होतास, बाळा. मला अप्पा म्हणत होतास. थोडंच राहिलंय अप्पा, या खेपेला वेळेत पोचवतो, म्हणालास." म्हातारा पुन्हा दारात बसला. "मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, मला उतरव. तर म्हणालास, त्या दिवशीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

प्रेमानंद गोदामाच्या पायरीवर बसला. वडिलांचे ते शब्द रिक्षात फक्त त्यानंच ऐकले होते. रश्मीलाही त्यानं ते कधी सांगितले नव्हते.

प्लास्टर निघेपर्यंत सिद्रामला दवाखान्यात न्यायचं काम त्यानंच केलं, दर खेपेला बसनं. परवाना परत मिळाला तरी गाडी त्यानं विकून टाकली. फौजदारबाई बोलावतात तेव्हा तो नव्या वर्गापुढे उभा राहून हे सगळं सांगतो. कुणीतरी हमखास विचारतं, आता तरी आठवतं का? तो नाही म्हणतो. ते खरंच आहे. त्या रस्त्यावर तो म्हाताऱ्याशी आणखी काय काय बोलला, ते सिद्रामनंही त्याला सगळं सांगितलेलं नाही.