सुरात नसलेलं घड्याळ

तंजावरात घड्याळ विकायला काढलं की ते वेळ बरोबर दाखवतं का, हे कुणी विचारत नाही. ते सुरात आहे का, हे विचारतात.

निदान मला तरी तसंच विचारलं. आणि मी काही नवखा विक्रेता नव्हतो. कचेरीतली कारकुनी सांभाळून जुनी घड्याळं गोळा करायची आणि विकायची, हा माझा तरुणपणापासूनचा उद्योग. (माझी बायको तुलसा यातल्या 'गोळा करायची' एवढ्याच भागाला दुजोरा देत असे.) राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरात गाणं, वीणा, व्हायोलिन असं काहीतरी होतं. आमच्या घरात माझी धाकटी बहीण चंपा वीणा वाजवी आणि मी घड्याळांना चावी देई. दोन्ही कामं सारख्याच कलेची आहेत, असं माझं प्रामाणिक मत होतं. ते इतर कुणाचंही नव्हतं.

तर साठ सालानंतरच्या त्या दिवसांत माझा आतेभाऊ अमेरिकेहून शिकून परतला आणि येताना मनगटावर एक चमत्कार बांधून आला. त्या घड्याळाला चावी नव्हती. बाजूला फिरवायचं बटण नव्हतं. काटे लावायला पाठीमागे एक बारीकशी कडी होती. आत एवढासा विजेचा सेल, आणि त्या सेलवर कंप पावणारा इवलासा चिमटा! सेकंदकाटा उड्या मारत नसे, तेलावरून घसरल्यासारखा सरळ फिरत राही. आणि टिकटिक? छे! ते घड्याळ गुणगुणायचं. कानाशी धरलं की "ऊंऽऽऽ". लाकडावर ठेवलं तर ते लाकूडच गुणगुणायला लागे. मी माझी दोन उत्तम स्विस घड्याळं आतेभावाला देऊन हे एक घेतलं. तो इतक्या झटकन कबूल झाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तुलसानं ते कानाशी धरलं आणि विचारलं, "आंत डांस शिरलाय कां?"

"अगं, हें अमेरिकेचं शास्त्र आहे!"

"तिकडचा डांस असेल," ती म्हणाली आणि सांबाराला फोडणी द्यायला निघून गेली.

मग मी गिऱ्हाईक शोधायला निघालो. पहिले शेजारचे हेडमास्तर. त्यांनी घड्याळ हलवून पाहिलं, दुसऱ्या कानाला लावून पाहिलं आणि हळू आवाजात, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं, "सेतुराव, हें गेलंय." टिकटिक नाही म्हणजे प्राण नाही! दुसरे मोठ्या देवळाजवळचे नागस्वरवाले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, जमलं! मग ते म्हणाले, "चार कट्टैच्या जरा वर, साडेचारच्या जरा खालीं. मधेंच लोंबकळतंय. हें मनगटाला बांधून मी वाजवूं कसा?" (कट्टै म्हणजे आमच्याकडची पट्टी.) व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांनी ते आठवडाभर वापरून पाहिलं आणि परत आणून दिलं, त्यांचे अस्के, म्हणजे सगळेच्या सगळे, विद्यार्थी त्या मधल्याच पट्टीत वाजवायला लागले होते म्हणे! शेवटी मी एक शहाणपणाचा विचार केला आणि पूर्ण बहिऱ्या अशा एका जमीनदारांकडे गेलो. मी काय म्हणतो ते पाटीवर लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं आणि ओरडून विचारलं, "मला ऐकूंच येत नाहीं, मग गाणारं घड्याळ घेऊन काय करूं?"

मी पाटी पुसली आणि घरी आलो.

अशा वेळी चंपाला बघायला कुंभकोणची मंडळी यायची ठरली. हे स्थळ साधं नव्हतं. मावशीच्या गृहप्रवेशाला चंपानं त्या मुलाला पाहिलं होतं; पंगतीत त्याच्या पानात रसम वाहत वाहत लाडवापर्यंत गेलं, आणि तो न चिडता लाडू उचलून हातात धरून बसला, एवढंच काय ते तिनं पाहिलं. पण तेवढ्यावरून तिनं ठरवून टाकलं होतं. "वैनी, इथं नाहीं जमलं तर मला पुन्हा कुणापुढं बसवूं नको," असं ती तुलसाला म्हणाली होती. आमच्या चंपानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळेच घाबरून गेलो. त्यातून मुलाचे वडील नरसिंगराव म्हणजे कानाचे भयंकर तिखट. कुंभकोणच्या बाजारात कुणाचा पितळी तांब्या पडला तर तो कोणत्या स्वरात पडला हे ते घरबसल्या सांगत, अशी त्यांची ख्याती. सून वीणा वाजवणारी हवी आणि सुरात वाजवणारी हवी, एवढी एकच त्यांची अट होती.

तुलसानं आदल्या दिवशी मला समोर उभं केलं.

"ऐकिलांत कां? उद्यां घड्याळाचा शब्द काढायचा नाहीं."

"नाहीं काढणार."

"दाखवायचं नाहीं."

"नाहीं दाखवणार."

"विकायचं नाहीं."

"अगं, व्याह्यांना कोण विकतं!" मी दुखावल्यासारखं म्हणालो. (मनात तोच विचार चालला होता, हे तिला कसं कळलं कोण जाणे.) तिनं माझी सगळी मनगटी घड्याळं ट्रंकेत घालून किल्ली कमरेला खोवली. सगळी म्हणजे एक सोडून. ते माझ्या जिब्ब्याच्या लांब बाहीखाली गुणगुणत होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मी दाराशी पुढे होऊन हात जोडले, नरसिंगरावांना हाताला धरून ओट्यावर चढवलं. तलम धोतर, कपाळाला गंध, आणि मान नेहमी किंचित एका बाजूला, कुठूनतरी काही ऐकू येत असल्यासारखी. मुलगा खाली मान घालून बसला. मुलाच्या आईनं पंखा मोठा करायला सांगितला. सोजी-बज्जीच्या, म्हणजे शिऱ्या-भज्यांच्या, बशा आल्या, कॉफी आली. मग नरसिंगरावांनी विचारलं, "राहुकाळ संपायला किती अवकाश आहे?"

आता सांगा, घड्याळाचा नाद असलेल्या माणसाला यापेक्षा मोठा मोह कोणता? माझा हात आपोआप वर गेला. बाही आपोआप मागे सरकली. आणि स्वयंपाकघराच्या दारातून तुलसाचे डोळे दिसले!

"बघून सांगतों," म्हणत मी तसाच आतल्या खोलीत पळालो. घड्याळ मनगटावरून काढलं तोच मागून तुलसाच्या बांगड्या वाजल्या. ठेवू कुठं? खिशात ठेवलं तर झडती होणार. समोर चटईवर चंपाची वीणा होती. वीणेच्या खुंट्यांपाशी एक छोटा झाकणाचा कप्पा असतो; त्यात तेलाचा बोळा, जादा तार असलं काही ठेवतात. मी घड्याळ त्यात टाकलं आणि झाकण लावलं.

"काय करतांय?"

"राहुकाळ संपला कां तें बघतोंय."

"वीणेंत?"

"भिंतीवरच्या घड्याळांत! संपला, संपला."

"शेरी, बरं मग, सरका," असं म्हणून तिनं ती वीणा उचलली आणि सरळ बाहेर बैठकीत नेऊन ठेवली. फणसाच्या एवढ्या मोठ्या पोकळ लाकडाला आता एक अमेरिकन चिमटा आतून गुदगुल्या करत होता, आणि समोर तंजावर जिल्ह्यातला सगळ्यात तिखट कान मांडी घालून बसला होता!

चंपा आली, बसली, तिनं पहिली तार छेडली आणि थबकली. "ऊंऽऽऽ".

"कसला आवाज?" मुलाची आई म्हणाली. "माशी आहे कां?"

"पंखा असेल," मी घाईघाईनं म्हणालो. पंखा बंद केला. आवाज चालूच, उलट आता नीट ऐकू येऊ लागला. मुलाच्या आईनं हातपंखा घेऊन खोलीभर माशी शोधली. तुलसानं परसात जाऊन शेजाऱ्यांचा रेडिओ बंद करवला. शेजारीण काय झालं ते बघायला आली आणि तीही माशी शोधू लागली. हेडमास्तर खिडकीतून डोकावून म्हणाले, "गांधीलमाशी असेल, चावेल हं!" तशी मुलाच्या आईनं पदर डोक्यावरून गच्च घेतला. सगळे घामाघूम झाले. नरसिंगराव मात्र हलले नाहीत. मान बाजूला करून, डोळे मिटून बसले होते. एकदाच म्हणाले, "श्रुती जुळत नाहीं."

संपलं! मला तिथल्या तिथं जमिनीत शिरावंसं वाटलं. कप्पा उघडून घड्याळ बाहेर काढलं तर ही माणसं म्हणतील, हें काय वेड्यांचं घर आहे. न काढलं तर पोरगी बेसूर ठरणार. मी चंपाकडे पाहिलं. तिनं एकदा त्या मुलाकडे पाहिलं. आणि मग तिनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं खुंटी धरली आणि पिळायला सुरुवात केली.

एकेक तार ती वर चढवू लागली. रोजच्या पट्टीच्या वर, आणखी वर. तारा करकरत होत्या. मी देवाचं नाव घेत होतो. (देवाचं की आतेभावाचं, ते आता आठवत नाही, दोन्हीच्या मध्ये काही वाईट शब्दही होते.) ना चार कट्टै, ना साडेचार; त्या मधल्या, जगात कुणाच्याच नसलेल्या जागी तिनं साती तारा नेऊन बसवल्या. मग कपाळावरचा घाम पुसला आणि वाजवायला सुरुवात केली.

आणि काय सांगू! ती गुणगुण नाहीशीच झाली. म्हणजे होती, पण आता ती वीणेच्या खाली तंबुऱ्यासारखी अंथरली गेली होती आणि चंपाची बोटं तिच्यावरून खुशाल चालत होती. शेजारीण माशी विसरून खाली बसली. तो मुलगा पहिल्यांदाच मान वर करून बघत होता, आणि त्याला आपण बघतोय याचं भान नव्हतं. मला रडू आलं. खरंच आलं, तुलसानं पाहिलं आणि पदराचं टोक माझ्याकडे ढकललं.

वाजवणं संपलं. मग नरसिंगराव डोळे न उघडताच म्हणाले, "सेतुराव, आतां तें बाहेर काढा. तेलानं खराब होईल."

"क… काय काढूं?"

"तुमच्या मनगटावरचं, जें काय असेल तें. दाराशीं हात धरलांत तेव्हां हा सूर तुमच्या बाहींत होता. तुम्ही आंत गेलांत, सूर आंत गेला. वीणा बाहेर आली, सूर बाहेर आला. माशी अशी हिंडत नाहीं."

मी कप्पा उघडला. तेलानं माखलेलं घड्याळ तुलसासमोर, व्याह्यांसमोर, शेजारणीसमोर बाहेर निघालं, अजून गुणगुणतच! तुलसानं कपाळाला हात लावला. मुलाची आई मोठ्यानं हसली. मुलगाही हसला, आणि चंपानं ते हसू बघून मान खाली घातली.

"माफ करा," मी म्हणालो. "पण तुम्हांला पहिल्यापासून माहीत होतं, तर बोललां कां नाहीं?"

"पोर काय करते तें बघायचं होतं," नरसिंगराव म्हणाले. "रडली असती तर समजलों असतों. चिडली असती तरी समजलों असतों. तिनं असल्या भलत्या सुरालाहि आपलंसं करून घेतलं." मग त्यांनी माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्या तेलकट बाहीकडे पाहिलं, सावकाश मला नखशिखांत न्याहाळलं आणि आपल्या बायकोला म्हणाले, "ऐकिलंस कां? घरांत असला भाऊ असून जी पोर इतकी सुरांत राहिली, ती आपल्याकडं अस्क्यांना सांभाळून घेईल. तबक आण. ताट बदलूं, लग्न ठरलं."

त्या दिवशी बघायला आले होते चंपाला. पारखून नापास केलं मला, आणि त्या नापासावर तिचं लग्न जमलं. आमच्या सगळ्या घराण्यात नापास होऊन उपयोगी पडलेला मी पहिलाच.