दहावी उंच हाय

“पाय उचल वं माय, दहावी उंच हाय.” जिन्याच्या नवव्या पायरीवर आली की आयाबाई हे म्हणायची. सोबत कोणी नसलं तर छातीशी धरलेल्या तासाभराच्या बाळाला म्हणायची.

अहेरीच्या पुढे एका डॉक्टरीणबाईंचं लहानसं प्रसूतिगृह होतं. तिथे मी कारकून. बाळंतपण खाली, खाटा वर, मधे दहा पायऱ्या. मी टेप लावून मोजल्या होत्या: नऊ पायऱ्या पंधरा-पंधरा सेंटिमीटर, दहावी वीस. वर मागाहून फरशी घातली, तेवढी ती उंच झाली. तुम्हीही अशा एखाद्या पायरीला ठेचकाळला असाल. पाय मोजत नाही, मागच्या पायरीवरून अंदाज धरतो.

एक नवा बाप आयाबाईला म्हणाला, “मले दिसते न, बाई.” दहावीला त्याचा पाय अडला. तो कठड्याला लटकला, चप्पल गडगडत खाली.

“चप्पल घरी चालली, भाऊ,” ती म्हणाली, “तुमी तरी पोराले पाहून जा.”

बाळं वर न्यायची ती तीच. डावा हात बाळाखाली, उजवा कोपर भिंतीला, नववीवर थांबून एक श्वास, मग पाय. माझ्या बारा वर्षांत ती एकदाही अडखळली नाही.

ती पायरी सलायची मला. मी गवंडी बोलावला. जास्तीचे पाच सेंटिमीटर दहांत वाटून दिले: पहिलीवर अर्ध्या सेंटिमीटरचा थर, दुसरीवर एकाचा, असं करत नववीवर साडेचारचा. सगळ्या पायऱ्या साडेपंधरा. मी दोनदा मोजल्या आणि आयाबाईला सांगितलं, “आता दहावी उंच नाही.”

“बरं झालं. पण मले न विचारता काऊन केलं जी?”

मी हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाळ घेऊन वर निघाली. मागे कागद घेऊन मी. नववीवर थांबली. श्वास घेतला. पाय उचलला, जुन्या उंचीचा. जिथे फरशी लागायची तिथे ती लागली नाही. पाय आपटला, गुडघा लचकला, बाई पुढे झोकली गेली.

हात टेकला असता तर सावरली असती. तिने दोन्ही हातांवर बाळ उचलून धरलं आणि कोपरांवर पडली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

बाळ गप्प होतं. खालून त्याची आई ओरडत होती, “का झालं वं? का झालं?” मला जागचं हलता येईना. बाईने पडल्यापडल्या बाळ फरशीवर ठेवलं, डाव्या हाताने त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. “रड न रे.” काही नाही. पुन्हा टिचकी. “रड, माह्या बापा!”

ते रडलं.

“आता मले उठवा,” ती म्हणाली.

पुढे उजव्या कोपराचं हाड जुळलं, पण कोपर वाकेना. मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, “तुमी बरोबरच मोजलं भाऊ. माह्या पायाले ठाऊक नोहतं.” काम सोडून ती धानोऱ्याला मुलीकडे जायची ठरली.

सामान न्यायला आली त्या दिवशी तेच बाळ लशीसाठी आलं होतं. आईने हौसेने पुढे केलं, “घ्या न बाई.”

बाईने हात पुढे केला नाही. “थांब, आधी मले बसू दे,” म्हणत ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, दोन्ही पाय लांब केले, मांडीवर पदर पसरला.

“हं. आता ठेव.”