आठवा फर्मा

सुगत सकपाळची कादंबरी सगळ्यांनी वाचली होती. निदान सगळे तसं म्हणत होते. ऐरोलीची अख्खी सोसायटी, जासईच्या कंटेनर यार्डातले जुने सोबती, महाडकडचे भाऊबंद, बायकोच्या शाळेतल्या बाई. "एका बैठकीत संपवली." "खाली ठेववेना." "अप्रतिम सर!" आणि पुढे हात जोडलेले, फुलांचा गुच्छ. व्हॉट्सॲपवर पुस्तकाचं कौतुक करायला पुस्तक उघडावं लागत नाही, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. लेखकाला ते जरा उशिरा कळतं.

यार्डाच्या गेटवर सुगतने सारी नोकरी काढली. ट्रेलरवरच्या डब्याचा नंबर बघायचा, सील शाबूत आहे का बघायचं, शिक्का मारायचा, चला पुढचा. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत, हा लिहीत बसे. निवृत्तीनंतर ते लिखाण घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवले. एकाने वर्षभर ठेवून घेतलं आणि न उलगडता परत केलं. दुसरा म्हणाला, हल्ली कादंबऱ्या कोण घेतो, वजन कमी करायचं काही असेल तर आणा. मग सुगतने स्वतःच छापली. 'गेट नंबर चार'. यार्डाच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापणारी वच्छी, क्रेनवरचा मारोती, आणि त्या दोघांचं जमणार की नाही, एवढीच गोष्ट. साधी आहे, पण त्यातल्या भाकरीचा वास येतो.

पुस्तकांचे गठ्ठे आले ते दिवाणात गेले. दिवाणातल्या गोधड्या माळ्यावर गेल्या, आणि माळ्यावरच्या सामानाचं काय करायचं यावरून क्रांतीने, म्हणजे सुगतच्या बायकोने, चांगला आठवडाभर तोंडाचा पट्टा चालवला. क्रांती पालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि घरातल्या घरात सुगतपर्यंत तर सहजच.

प्रकाशन समारंभ बुद्धविहाराच्या हॉलमध्ये झाला. शाल झाली, गुलाबपुष्प झालं, सामोसे झाले. शेजारचे मधुकर पेडणेकर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "वच्छीच्या लग्नाचा प्रसंग वाचताना, खरं सांगतो, माझे डोळे पाणावले." असं म्हणून त्यांनी चष्माही पुसला. त्यानंतर सुगत भेटेल त्याला 'सप्रेम भेट' लिहून प्रत देत सुटला. आपल्याकडे ओळखीच्या लेखकाचं पुस्तक विकत घेणं म्हणजे ओळखीचा अपमान समजतात. फुकट घेतलेलं मग टीव्हीच्या खालच्या खणात जातं, लग्नपत्रिकांच्या शेजारी.

मुलगी जागृती ऐरोलीतच आयटी पार्कात कामाला. तिला हे वाटप बघवेना.

"पप्पा, असं देत सुटून काय होणार? मार्केटिंग करायला पाहिजे. रील करू या. तुमच्या आवाजात एक पान, बस. त्याच्यापेक्षा जास्त कोण ऐकत नाही."

सुगतने इस्त्रीचा शर्ट घातला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि आपला लाडका प्रसंग काढायला पुस्तक उघडलं. वच्छीचं लग्न. सापडेना. पुढे चाळलं, मागे चाळलं. एकशे बाराव्या पानावर वच्छी ट्रंक घेऊन गेटवर उभी होती. समोरचं पान एकशे एकोणतिसावं, आणि तिथे तिची मुलगी बालवाडीत निघाली होती.

सुगतने दिवाण उघडला. एकेक प्रत काढून बघितली. सगळ्या वच्छ्या ट्रंक घेऊन उभ्या, आणि सगळ्यांना एकदम मुली.

"काय झालं पप्पा?"

"काही नाही. आज घसा बसलाय."

त्याने आत जाऊन छापखान्याला फोन लावला. पुस्तक छापताना सोळा-सोळा पानांची एक घडी करतात, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने रचले की पुस्तक होतं. बाइंडरने आठवा फर्मा रचलाच नव्हता, त्याचा गठ्ठा छापखान्याच्या पोटमाळ्यावर तसाच पडला होता.

"कुणाची तक्रार आली का साहेब?" छापखान्याच्या मालकाने विचारलं.

"नाही."

"मग कशाला टेन्शन घेता!"

तिथेच तर सगळं टेन्शन होतं. लग्नाला रडलेले पेडणेकर, एका बैठकीत संपवणारे, खाली ठेववेना म्हणणारे, एकालाही सोळा पानं कमी पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आठव्या फर्म्याचा गठ्ठा टेम्पोने घरी आला. शहाण्या माणसाने काय केलं असतं? पानं वाटली असती, चुकीबद्दल क्षमस्व म्हटलं असतं, विषय संपवला असता. सुगतने गठ्ठा दिवाणाच्या तळाशी ढकलला. डब्याचं सील तुटलंय की शाबूत आहे हे बघण्यात या माणसाचा जन्म गेलेला. त्याने ठरवलं, गप्प बसायचं. पुस्तक खरंच कुणी उघडलं, तर तो माणूस भांडायला येईल. एक तरी येईल. दुसरी कादंबरी निम्मी लिहून झाली होती, ती त्याने कपाटात ठेवली. भांडायला कुणी आलं तर पुढे लिहायचं, नाहीतर तिथेच राहू दे. आता ही हट्टाची गोष्ट झाली, पण साठीच्या पुरुषाला हट्ट सोड म्हणून सांगण्यात अर्थ नसतो.

क्रांती वाटाणे सोलत होती तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू वाचलंस ना गं पुस्तक?"

"वाचलं की," शेंगांवरची नजर न काढता क्रांती म्हणाली. "शेवट छान केलाय."

म्हणजे घरचं सीलही शाबूत.

दिवस गेले. जागृतीने रील केलं, ते तिच्या मैत्रिणींनी बघितलं. वाशीच्या एका प्रदर्शनात सुगतने टेबल मांडलं. लोक यायचे, पुस्तक उचलायचे, मागचं कव्हर वाचायचे, "स्वतः तुम्हीच लिहिलंत?" म्हणून सुगतसोबत फोटो काढायचे आणि शेजारच्या टेबलावरचं रांगोळीचं पुस्तक घेऊन जायचे. मागच्या कव्हरवर वच्छीच्या लग्नाचा उल्लेख आहे, हे सुगतला तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. पेडणेकरांच्या अश्रूंचा उगम सापडला, एवढीच त्या प्रदर्शनाची कमाई.

पुढे वर्षावास आला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दरवर्षीप्रमाणे वाचायला क्रांतीच. समारोप झाला, खीरदान झालं, तरी क्रांती संध्याकाळ झाली की साडी बदलून निघायचीच.

"आता कसलं वाचन?" सुगतने विचारलं.

"असंच. बायकांना सवय लागलीय, घरी बसवत नाही त्यांना."

मग जेवताना क्रांती काहीबाही विचारू लागली. "काय हो, क्रेनच्या केबिनमध्ये चढायला शिडी असते का?"

"असते. का?"

"केशरबाई विचारत होत्या."

केशरबाई म्हणजे विहारातल्या सगळ्यांत वयस्कर. त्यांच्या नातवाला बंदरात नोकरी लागली असेल, असं समजून सुगतने आमटी वाढून घेतली. दोन दिवसांनी प्रश्न आला, यार्डाच्या कँटीनमध्ये भाकरीचं पीठ कुठून यायचं. त्याचंही त्याने सरळ उत्तर दिलं. लेखक किती मठ्ठ असू शकतो!

त्यानंतर क्रांती जरा घुश्शातच होती. आणि एका संध्याकाळी बेल वाजली.

दारात केशरबाई, त्यांच्यामागे राहीबाई, त्यांच्यामागे जिना भरून बायका. सगळ्यांच्या पुढे क्रांती, हातात 'गेट नंबर चार'.

"जय भीम," केशरबाई म्हणाल्या. "सुगत, बस खाली."

सुगत आपल्याच घरात खाली बसला.

"आमच्या वच्छीचं काय केलंस तू?"

"कुणाचं?"

"वच्छीचं! टरंक घेऊन पोर गेटवर हुबी. क्रांतीनं पान उलाटलं, तर हिची लेक निघाली बालवाडीत. मधी काय झालं? लगीन झालं का नाय?"

"झालं असनार," राहीबाई मागून म्हणाली. "मारोती तसला नाय."

"तसला नाय तर पहिल्या दिवशी दारू पिऊन का आलता?"

"ते त्याचा भाऊ गेलता म्हनून, मावशी! ऐकत नाय तुमी नीट, झोपता मधीच!"

"आणि मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंत," क्रांतीने पुस्तक नाचवलं. "मला वाटलं पानं चिकटलीत. नखाने सोलून सोलून कागद फाडला मी. दुसरी प्रत काढली, तिच्यातही तेच! अहो, हसताय काय?"

सुगत हसत नव्हता. म्हणजे हसत होता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या पाण्याला मागच्या कव्हरची गरज नव्हती.

"तुमची तक्रार आहे?" त्याने विचारलं. "म्हणजे, तुम्ही भांडायला आलात?"

"मग काय वाढदिवसाला आलोय?" केशरबाई कडाडल्या. "दोन दिस झाले, डोळ्याला डोळा नाय. ही राही म्हनती, क्रेनच्या केबिनीत चढून लगीन लावलं. मी म्हनते, लगीनच नाय. वच्छीनं गेटाबाहेर स्वताची खानावळ टाकली, आनि पोर तिनं सांभाळाया घेतली. बोल, कोनाचं खरं?"

आवाज ऐकून शेजारचे मधुकर पेडणेकर बाहेर आले. "काय सकपाळ, मिटिंग आहे काय?"

"या, या," केशरबाई वळल्या. "तुमीबी वाचलंय ना पुस्तक? मग पानं नायत ते कळलं कसं नाय?"

पेडणेकरांनी चष्मा पुसायला घेतला. "मला वाटलं, ती नवी शैली आहे. हल्ली असं मधलं गाळूनच लिहितात."

"आनि त्या दिवशी भाषनात लग्नाला रडलात. लगीन तर पुस्तकातच नाय!"

पेडणेकर आत डोकावले. "वहिनी, चहा टाकला असेल तर अर्धा कप चालेल."

बायका इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघितलं. पेडणेकरही हसले, करतात काय. मग तेही चप्पल काढून आत येऊन बसले.

सुगतने दिवाण उघडला, हात पार तळाशी घातला आणि आठवा फर्मा वर काढला. क्रांतीने तो त्याच्या हातातून हिसकावलाच. घडी सुटी केली, चष्मा चढवला.

"चहा तुम्ही टाका," ती म्हणाली. "मी वाचते."

सुगतने मोठं पातेलं चढवलं. भिंतीपलीकडून आपलीच वाक्यं ऐकू येत होती, आणि प्रत्येक वाक्याला कुणीतरी टोकत होतं. "अग्गोबाई!" "थांब थांब, परत वाच." "मी म्हनलं नव्हतं?" एका ठिकाणी खोली अगदी गप्प झाली. तेव्हा चहा उतू गेला, तरी त्याने गॅस बंद केला नाही.

वाचन संपलं. मारोतीने दारू सोडली होती, लग्न झालं होतं, राहीबाईचा जीव भांड्यात पडला होता.

"बरं हाय," केशरबाई म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला. "पन माझी खानावळ जास्त बरी व्हती."

सुगतने ते ऐकलं आणि त्याला वाईट वाटायला हवं होतं, ते काही वाटेना. खानावळ खरंच बरी होती. मारोतीला सरळ करण्यापेक्षा तर नक्कीच बरी.

निघताना प्रत्येकीने दिवाणातून पुस्तक नेलं. कुणी जावेसाठी, कुणी जासईच्या बहिणीसाठी, आणि आठवा फर्मा आत आहे की नाही हे दारातच तपासून. पेडणेकरांनी फक्त फर्मा नेला. "बाकीचं आहे घरी," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. त्या रात्री त्यांच्याकडे टीव्ही लागला नाही, हे सकपाळांच्या भिंतीला कळलं.

सकाळी सुगतने कपाटातली निम्मी कादंबरी बाहेर काढली आणि टेबलाशी बसला. क्रांती पोह्यांची बशी ठेवायला आली.

"शेवट छान केलाय म्हणालीस त्या दिवशी," सुगत म्हणाला.

"वाटाणे सोलत होते ना तेव्हा," क्रांती म्हणाली. तेवढ्यावर तिने विषय संपवला. "ही नवी कशावर आहे?"

"आहे एक बाई. गेटाबाहेर खानावळ टाकते."

"केशरबाईंना विचारलंत?"

"आज विचारतो."

"विचारा. आणि छापायच्या आधी विहारात आणा, मी वाचून दाखवते. या खेपेला पानंही मोजून घ्या."

"मी कशाला मोजू?" सुगत म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही बायका आहात ना."