रबराला पाजलेलं तेल

पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडलं की गोडेतेल, उकडलेलं रबर आणि वाळलेल्या खाऱ्या पाण्याचा एक मिश्र, किंचित आंबूस गंध अजूनही वर येतो. आणि फाल्गुनातल्या ज्या निश्चल दुपारी, शाळेतून आल्यावर, घरात कुणी जागं नाही ना हे पाहून मी त्या ट्रंकेपुढे बसत असे, त्या दुपारांची सगळी तगमग पुन्हा अंगात शिरते.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि मे महिन्यात मी आणि हे, आम्ही दोघं, आठ दिवस मालवणला जात होतो. तिथे पास्कूकाका होते, बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले पाणबुडे. पाठीवर बांधायच्या हवेच्या दोन टाक्या, काचेचे दोन मुखवटे आणि तोंडात धरायच्या दोन नळ्या एवढा त्यांचा संसार. भाड्याने तो अंगावर चढवायचा आणि त्यांचा हात धरून खाली उतरायचं. पाण्याखालचा तो हिरवट, थरथरता प्रकाश, खडकांवरून सरकणाऱ्या सोनेरी रेषा आणि आपल्याच श्वासाचा तो गंभीर, संथ आवाज पहिल्यांदा अनुभवला, आणि झालं! उरलेलं वर्ष कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, मी नुसती तळमळत काढू लागले. फळ्यावर महासागर काढताना निळा खडू झिजवायचा आणि कोरड्या जमिनीवर उभं राहायचं.

एकच गोष्ट खटकायची. नळीच्या टोकाला तोंडात धरायच्या रबरी तुकड्यावर दातांच्या खोल खाचा होत्या, कुणाकुणाच्या कोण जाणे. मला किळस यायची. पण खरं सांगायचं तर ती नुसती किळस नव्हती. अकरा माणसांच्या आमच्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतंच. कपाटातला एक कप्पा माझा, तर त्यातही दिरांचे स्वेटर. निदान पाण्याखाली तरी जे तोंडात धरायचं ते माझं असावं, बाई! एवढा हट्ट वर्षभर मनात घोळत राहिला.

हे मी बोलले फक्त बाबालालचाचांजवळ. गडमुडशिंगीला, माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत मला पोहायला शिकवलं ते त्यांनी. पुढे पेठेतच त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. त्या विहिरीवर एकच वाळलेला भोपळा होता. तो पाठीला बांधून पाण्यात पडायचं, आणि ज्या दिवशी भोपळ्याविना पलीकडचा काठ गाठला, त्या दिवशी आपल्या हाताने तो पुढच्या पोराच्या पाठीला बांधायचा, अशी रीतच होती. त्या भोपळ्याला मालक कधी नव्हता.

चाचा पंक्चर काढता काढता हसले. “वरसातनं आठ दिस पाण्यात जाणार, आन् त्यापायी घरात दुकान मांडणार व्हय? म्हशीला धुवायला कुणी रंकाळा इकत घेतंय का, पोरी?”

मला राग आला. इतका, की पुढे वर्षभर मी त्यांच्यापाशी तो विषय काढलाच नाही.

शेजारणीचा भाऊ बोटीवर होता. त्याच्याकरवी मुंबईहून मुखवटा आणि नळी आली. टाकी तेवढी काकांची वापरायची. “आता समुद्रही मागवून टाक,” हे म्हणाले. म्हणोत! मी ट्रंक घेतली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

आमच्या गावात वस्तू जपायची म्हणजे तिला तेल पाजायचं. ह्यांच्या कापशी चपलांना दर रविवारी गोडेतेल लागत असे, आणि चामडं कसं लोण्यासारखं मऊ राही. मीही त्याच वाटीतलं तेल बोटावर घेऊन मुखवट्याच्या कडेला, नळीच्या प्रत्येक वळीला मायेने चोळत राहिले. दहा महिने. रबर मऊ होत गेलं, जरा फुगलं, बोटाला चिकटूही लागलं. मला वाटलं, मुरतंय.

मालवणात काकांनी नळी नाकाशी नेली. “ह्या काय केलंस, बाय? रबराक तेल? माझी घे, ही नको.”

मी ऐकलं नाही. वर्षभर ज्या क्षणासाठी जळत होते, तो क्षण मी दुसऱ्याच्या दातखुणा चावत काढणार नव्हते. काका चिडले, मग हरले. “माझो हात मात्र सोडू नको,” एवढंच म्हणाले.

खाली सगळं तसंच होतं, तोच प्रकाश, त्याच सोनेरी रेषा, आणि मी सुखाने, अभिमानाने एक दीर्घ श्वास ओढला. नळी वळीतून फाटली. हवेऐवजी घशात खारं पाणी आलं. मेले, असं स्पष्ट शब्दांत मनात आलं. दुसऱ्या क्षणी काकांनी आपल्या तोंडातली नळी काढून माझ्या तोंडात कोंबली. एक घोट हवा मला, एक त्यांना, पुन्हा मला. असे आम्ही हळूहळू वर आलो. किनाऱ्यावर ते कितीतरी वेळ खोकत होते. मी रडत होते आणि ते मलाच पाणी देत होते.

कोल्हापूरला परतल्यावर मी ते सगळं चाचांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी बोटाने रबर दाबलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, चप्पल हाय व्हय ही? इचारायचं तरी! जलम गेला माझा रबरात.”

“तुम्ही हसला असता.”

“हसलो असतो की. पर सांगितलं बी असतं.”

मुखवट्याचा पट्टा तेवढा शाबूत होता. तो त्यांनी कापून घेतला, विहिरीवरच्या भोपळ्याची दोरी कुजली होती म्हणून. उरलेलं सगळं ट्रंकेत पडून राहिलं; मला टाकवलं नाही.

पुढच्या मे महिन्यात काकांनी आपली नळी पुढे केली. आपलं असं काहीतरी हवं, ही हाव माझी अजून गेलेली नव्हती. आजही गेली आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मी डोळे मिटून तो रबरी तुकडा तोंडात धरला. त्या जुन्या, अनोळखी खाचांमध्ये माझे दात बरोबर बसले.