विंगेतल्या नंदाताई

फोन आला तेव्हा मी आणि माझी लेक रेवा ॲडम्सटाउनच्या फलाटावर उभ्या होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते, वाऱ्याने डोक्यावरची टोपी हाताने धरून ठेवावी लागत होती, आणि डब्लिनची गाडी सहा मिनिटांवर होती. रेवाच्या कानात इअरफोन होते, ओठ हलत होते. त्या दिवशी तिची ऑडिशन होती. म्युझिकल थिएटरच्या पदवीसाठी लंडनची एक संस्था डब्लिनमध्ये मुलं निवडायला आली होती, आणि ही तिची दुसरी फेरी. याच संस्थेने आदल्या वर्षी तिला पहिल्या फेरीतून घरी पाठवलं होतं. फोन समीरचा, माझ्या नवऱ्याचा होता. "वैशाली, ताई गेली... सांगलीहून आत्ता कळलं. झोपेतच गेली." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "रेवाला सांगू नकोस हं आत्ता. तिचं होऊ दे." मी बरं म्हटलं आणि फोन खिशात टाकला. रेवाने माझ्याकडे बघितलंही नाही. गाडी आली, आम्ही चढलो.

नंदाताई म्हणजे समीरची थोरली बहीण. सांगलीच्या एका शाळेच्या कचेरीत क्लार्क म्हणून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही. आणि संध्याकाळी, जवळजवळ तीस वर्षं, गावातल्या एका हौशी नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टर. विंगेत संहिता घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की शब्द द्यायचा, एवढंच काम. लग्न होऊन पुण्याहून त्या घरात गेले तेव्हा मला त्यांची गंमतच वाटायची. बाई असून "मी येतो गं," "मी जेवतो नंतर" असं त्या बाजूचं बोलणं, आणि नाटकाच्या फोटोत कुठेच नाहीत! मी एकदा विचारलं, "ताई, तुम्ही कुठे आहात यात?" तर फोटोच्या कडेच्या काळ्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्याच्या मागं."

गेल्या सप्टेंबरात त्या आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा घरात युद्ध चालू होतं. रेवाची बारावी, म्हणजे इथली लीव्हिंग सर्ट, उत्तम झालेली. फार्मसीला प्रवेश मिळत होता. आणि आमच्या बाईसाहेबांनी तो नाकारला. का, तर आदल्या हिवाळ्यात म्युझिकल थिएटरच्या पाच ठिकाणी ऑडिशन दिल्या, पाचही ठिकाणांहून नकार आला, तरी तिला एक वर्ष थांबून पुन्हा तिथेच अर्ज करायचा होता. गॅप इयर! आमच्या वेळी याला ड्रॉप घेणं म्हणत, आणि ज्याने घेतला त्याच्याबद्दल लोक आवाज खाली करून बोलत. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि या बेतातल्या चुका मी तिला रोज जेवताना वाचून दाखवत होते. रेवा तिच्या त्या आयरिश सुरात म्हणायची, "आय नो, आई. आय नो." आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

ताईंना मी सगळं सांगितलं, अगदी तावातावाने. इथे दहावीनंतर मुलं एक मोकळं वर्ष घेतात, नाटकं करतात, कुठे कुठे काम करून बघतात. रेवाला आम्ही ते घेऊ दिलं नव्हतं, वेळ फुकट जातो म्हणून. ताईंनी शांतपणे ऐकलं. चहाचा कप खाली ठेवला. "मग ते राहिलेलं वर्ष आता घेती म्हण की," म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. पाहुणी आली आहे तीन महिन्यांची आणि पहिल्याच दिवशी पार्टी बदलली!

त्याच महिन्यात लुकनच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता. तिथे कुणीतरी रेवाला अगदी सहज विचारलं, "काय गं, सध्या कुठे?" रेवाने तोंड उघडलं, तोवर मी बोलून मोकळी. "फार्मसीची सीट मिळालीय, एक वर्ष पुढे ढकललीय." धडधडीत खोटं. कुठली सीट आणि कुठलं पुढे ढकलणं! समोरची बाई "अरे वा" म्हणून मोदक घ्यायला गेली. घरी आल्यावर रेवा तरातरा वर गेली आणि ताई पादत्राणं काढता काढता म्हणाल्या, "वैशाली, त्या बाईनं रेवाला विचारलं होतं नव्हं?" मी म्हटलं, "हो, पण ती काय सांगणार होती?" तर म्हणाल्या, "तेच तर आता आपल्याला कधी कळणार नाही." मला इतका राग आला की मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवडीची मटकीची उसळ करणार होते, ती केली नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण नाही केली.

रेवा तेव्हा सकाळी एका कॉफीच्या दुकानात काम करायची, शनिवारी गाण्याच्या शिक्षिकेकडे जायची आणि संध्याकाळी दिवाणखान्यात तालीम. ताई स्वयंपाकघराच्या दाराआड खुर्ची टाकून बसायच्या, हातात रेवाने छापून दिलेले कागद. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं. पण आधी रेवाकडून ओळ अन् ओळ समजून घेतली, कोण कुणाला म्हणतंय, का म्हणतंय, आणि मग कागदावर बोट ठेवून अशा ऐकायच्या की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर बोट थांबायचं. "म्हणजे संगीत नाटकच की हे," पहिल्या दिवशी म्हणाल्या. "बोलता बोलता पोटात मावंना झालं की गायचं." रेवा खूप हसली. कित्येक महिन्यांनी हसली होती.

रेवाचं दुखणं वेगळंच होतं. आदल्या वर्षीच्या शेवटच्या ऑडिशनमध्ये ती गाण्याच्या मधोमध अडकली होती. ओळ आठवेना. शांतता पसरली, आणि समोरच्या माणसाने थँक यू म्हणून तिला बाहेर पाठवलं. तेव्हापासून तिला शांततेची धास्ती बसली. जिथे थांबायला हवं तिथेही ही घाईघाईने पुढची ओळ घ्यायची. ताईंनी त्यावर अजब उपाय काढला. चहाची किटली लावायची, आणि पाणी उकळेपर्यंत रेवाने खोलीच्या मध्यभागी नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत, आणि समोर आत्या बघत बसलेली. पहिल्या दिवशी रेवा अर्ध्यात खिदळली. चौथ्या दिवशी रडली. पुढे पुढे मात्र ती उभी राहायची, अगदी आरामात, आणि किटली बंद झाली की म्हणायची, "आत्या, आय'म ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक, पण ताईंना तो शब्द फार आवडला. पोळी ग्रँड, हवा ग्रँड, शेजारचं कुत्रं ग्रँड.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. मी पोळ्या लाटत होते, बाहेर रेवा गात होती. एका जागी ती थांबली... आणि मी आतून मोठ्याने पुढची ओळ म्हटली. मलाही सगळं पाठ झालेलं ना! रेवाने कागद फेकले, दार आपटलं. ताई खुर्चीवरून उठून आत आल्या. "पाठ आहे तुला, कळलं सगळ्यांना. आता गप बस की जरा." मी लाटणं आपटलं. म्हटलं, "ताई, तुम्ही दोन महिन्यांनी जाल. पुढच्या वर्षीही नकार आले तर तिला सावरायला इथे मी असणार आहे." "खरं आहे तुझं," म्हणाल्या, आणि पोळ्या भाजायला उभ्या राहिल्या. भाजता भाजता सांगू लागल्या. त्यांच्या एका प्रयोगात मुख्य नट भर प्रवेशात अडला. थांबला. इकडे विंगेत सगळे ताईंना ढोसताहेत, द्या, शब्द द्या. ताई काही देईनात. नटाने खाली वाकून चप्पल नीट केली, चष्मा पुसला, आणि मग असं वाक्य टाकलं की टाळ्या पडल्या. आत येऊन ताईंवरच ओरडला, झोपला होता काय म्हणून. "मी म्हटलं, तुमची नजर माझ्याकडं आली नव्हती. नजर आली की शब्द द्यायचा गं. त्याच्या आधी दिला तर त्याचं येणारं वाक्य मरतं, नजर आल्यावर नाही दिला तर माणूस मरतो." मी विचारलं, "आणि तुम्हाला कधी स्वतः उभं राहावंसं नाही वाटलं?" तेव्हा कळलं की एकोणिसाव्या वर्षी त्यांची नायिकेसाठी निवड झाली होती. गळा होता, सगळं नाटक तोंडपाठ होतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, तालमीच्या हॉलवरून हाताला धरून घरी आणलं. पुढे, कुणाला दिसणार नाही या अटीवर, विंगेत उभं राहायची परवानगी दिली. "वाईट वाटायचं... बरीच वर्षं," ताई म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली. मी माझ्या नवऱ्याच्या या बहिणीला वीस वर्षं ओळखत होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्रीपासून मी एकदम शहाणी झाले असं कुणी समजू नये. पण तोंडाला जरा लगाम बसला. डिसेंबरात त्या गेल्या. जाताना कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, मेतकूट कुठे ठेवलंय ते मला तीनदा सांगितलं. मग दर रविवारी व्हिडिओवर तालीम व्हायची. जानेवारीत दोन नकार आले, तेव्हा रेवा माझ्याआधी त्यांच्याशी बोलली. मला राग आला नाही, थोडं लागलं. आणि ऑडिशनच्या आदल्या दिवशी दुपारी ताईंचा मला फोन आला. "जरा दमायला होतंय दोन दिवस," म्हणाल्या. माझी मीटिंग सुरू होत होती. "डॉक्टरांना दाखवून या हं," म्हटलं आणि फोन ठेवला. पुन्हा केला नाही. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तर आम्ही गाडीत समोरासमोर बसलो होतो. खिशातल्या फोनमधली बातमी मला दिवसभर सांभाळायची होती आणि मी चेहरा नीट ठेवून खिडकीबाहेर बघत होते. डब्लिनचं ह्यूस्टन स्टेशन जवळ आलं तशी रेवाने एका कानातला इअरफोन काढला. "आई, काय झालं?" उत्तर तयार होतं, ऑफिसचं काहीतरी. ओठांवर आलंही होतं. पण तिची नजर हलेना. ती विचारत होती, खरोखर विचारत होती, आणि मी उत्तर दिलं नसतं तर तिने पुन्हा मला कधी विचारलं नसतं. मी सांगितलं, "रेवा, आत्या गेली. काल रात्री, झोपेत." तिने डोळे मिटून घेतले. उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, "आपण संस्थेला कळवू या, ते दुसरी वेळ देतील." ती म्हणाली, "नो. आय'ल डू इट." मग थोड्या वेळाने, मराठीत, जे ती सहसा बोलत नाही, "आत्याला दुखलं का?" मी म्हटलं, "नाही गं."

सांगूनच टाकते, प्रवेश मिळाला. तीन आठवड्यांनी ईमेल आली, सप्टेंबरात ती लंडनला जाईल. लोक अभिनंदनाचे फोन करतात, समीर सांगलीहून दिवस करून परत आला आहे, सगळं ठीक आहे. पण मला आठवत राहतो तो ऑडिशनच्या खोलीच्या दाराबाहेरचा लाकडी बाक.

आत पियानो सुरू झाला, रेवाचा आवाज आला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसरं सुरू झालं आणि मधेच ती थांबली. पियानोही थांबला. मला पुढची ओळ पाठ होती. मी बाकावरून उठले. दाराला कान लावला. काही नाही. कागदाचा आवाज नाही, कुणाचं खाकरणं नाही. ती अडली होती की तिथे थांबायचं असं तिचं आणि ताईंचं ठरलं होतं, मला माहीत नव्हतं, आणि ती रडत असेल तर, असंही मनात येऊन गेलं. माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, ओळीचा पहिला शब्द जिभेवर होता, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. किती वेळ, ते आता सांगता येणार नाही. आणि मग दारापलीकडून, अगदी हळू, घाई न करता, रेवाने ती ओळ घेतली. मी तिथेच दाराला टेकून खाली बसले आणि सकाळपासून पहिल्यांदा नंदाताईंसाठी रडले.