न छापलेली आठ पानं

“टेक्निकली, मी खोटं बोललो नाही, आंटी.”

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नसे. वर एसीच्या जाळीकडे बघत असे, जणू त्या गार वाऱ्यातूनच त्याला पुढचं वाक्य मिळणार होतं. मी गृहपाठाबद्दल विचारलेलं असे. ‘वही घरी आहे’ असं त्याने सांगितलेलं असे. आणि वही खरोखरच घरी असे. फक्त ती कोरी असे.

आखातातल्या सालमिया शहरातल्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर आणि तो चौथ्यावर. मी दुपारी घरीच गणित शिकवते. त्याचे वडील तिथून लांब मंगफला इंजिनीअर होते. पहाटे जायचे, संध्याकाळी दमून परतायचे. तो दहावीत होता, माझ्याकडे शिकवणीला यायचा. अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. लबाड, आळशी, आणि ज्यांच्यावर रागवायला जावं तर आपल्यालाच आधी हसू फुटतं अशी.

त्याच्या गणिताच्या पुस्तकाखाली कायम एक जपानी चित्रकथा असायची, शाळेतल्या पोरांची, विनोदी. ती उजवीकडून डावीकडे वाचायची. “अरबीसारखं,” तो मला समजावायचा. गणितही तो तसंच सोडवायचा. आधी मागचं उत्तर, मग पुढचं उदाहरण.

त्या कथेतल्या मुलाबद्दल तो इतक्या जिव्हाळ्याने बोलायचा, की सुरुवातीला मला तो त्याच्या वर्गातलाच कुणी वाटला.

“भित्रा आहे तो, आंटी. थापा मारतो. मुलींसमोर शायनिंग मारायला जातो आणि जिन्यावरून पडतो. सुधरतच नाही.”

“मग तुला इतका का आवडतो?”

या वेळी त्याने वर पाहिलं नाही. “कारण त्याला कुणी सोडून देत नाही. काहीही केलं तरी पुढच्या चॅप्टरला तो परत आपल्या बाकावर असतो.”

उन्हाळ्याच्या तोंडावर धूळ येते तेव्हा सालमियाची दुपार पिवळी पडते. गल्लीच्या टोकाला असलेला समुद्र नाहीसा होतो. पाण्याच्या उंच टाक्या जमीन सोडून हवेत तरंगत असल्यासारख्या दिसतात. रस्त्यावरचे आवाज खोल पाण्यातून यावेत तसे येतात. अशाच एका दुपारी माझ्या दिवाणखान्यात बसून त्याने स्वतःची चित्रकथा काढायला घेतली. मुलांचे गणवेश जपानी, पण वर्गाच्या खिडकीबाहेर माझ्याच खिडकीतल्या तरंगत्या टाक्या. अंबाड्यात पेन्सिल खोचून तीच पेन्सिल घरभर शोधणारी एक बाईही त्यात होती. मी तिला ओळखलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्याचा जिवलग मित्र समीरही माझ्याकडे शिकायला यायचा. समीर हुशार होता, पण बोलताना अडखळायचा. एखादं अक्षर त्याच्या ओठांवर येऊन थांबायचं आणि काही केल्या पुढे सरकायचं नाही.

चित्रकथेत तसाच एक मुलगा आला. पहिल्या चौकटीत तो वाक्य सुरू करतो. दुसरीत घंटा होते, तिसरीत वर्ग रिकामा होतो, चौथीत सूर्य मावळतो आणि पाचवीत त्याचं वाक्य संपतं. वाक्य असतं, ‘मे आय कम इन?’

ते पान बघून मी हसले. चांगली मोठ्याने हसले. हे मला सांगायलाच हवं.

पानं शाळेत फिरली. वर्ग हसला. शाळेच्या वार्षिक अंकाच्या मॅडमनी त्यांतली आठ पानं छापायला निवडली. त्याचे वडील एरवी लिफ्टमध्ये नुसती मान हलवायचे. त्या दिवशी मुद्दाम खाली येऊन पेढे देऊन गेले. “आमचा मुलगा कशात तरी पुढे आला, ताई,” म्हणाले.

त्याच आठवड्यात समीर शिकवणीला यायचा बंद झाला. शाळेत यायचा, पण मागे जाऊन एकटा बसायचा.

“तो समीर नाहीये, टेक्निकली,” हा मला म्हणाला. “त्याचे केस वेगळे काढलेत.”

“मला तो ओळखू आला,” मी म्हटलं. “तुला आला नाही?”

त्याने जाळीकडे बघितलं. वाक्य काही मिळालं नाही.

तो तीनदा समीरच्या घरी गेला. तिन्ही वेळा समीरच्या आईने दारातूनच सांगितलं, तो झोपलाय. मग तो अंकाच्या मॅडमकडे गेला आणि पानं छापू नका म्हणाला. मॅडम म्हणाल्या, पानं अंकात लागली आहेत, सगळ्यांना आवडली आहेत. छापून आल्यावर तुझ्या मित्रालाही गंमत वाटेल. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. आधी आली ती त्याची आई. डोळे सुजलेले.

“ताई, याने ती चित्रं चोरली होती. कुठल्याशा जपानी पुस्तकातून उतरवली. स्वतःच जाऊन कबूल केलं. अंकातून काढून टाकली, आम्हाला शाळेत बोलावलं. त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. चित्रं काढायची नाहीत म्हणून सगळे पेन उचलून ठेवलेत.”

ते प्रत्येक पान माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या टेबलावर झालं होतं. जगातल्या कुठल्या जपानी पुस्तकात माझा अंबाडा असणार होता?

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, “खोटं का बोललास?”

“दुसरं काही चाललंच नसतं, आंटी. चोरलेलं असेल तरच छापत नाहीत.” मग म्हणाला, “प्लीज, आईला सांगू नका. समीरला पण नको. त्याला वाटेल मी शायनिंग मारतोय.”

मी कुणाला सांगितलं नाही. बरोबर केलं का, अजून कळत नाही. वर्षभर वर्गात पोरं त्याला ‘कॉपीकॅट’ म्हणत. तो हसून घ्यायचा. गणितात मात्र तो पहिल्यासारखाच कच्चा राहिला. त्या बाबतीत काही चमत्कार झाला नाही. महिनाभराने समीर परत आला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. परीक्षेपर्यंत ते अंतर दोन खुर्च्यांवर आलं, मग एका.

दहावीनंतर त्याला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला मावशीकडे पाठवायचं ठरलं. इथली बरीच मुलं अशी जातात. इमारतीतला एकेक आवाज कमी होत जातो. जायच्या दिवशी पुन्हा धूळ होती. खाली वडील टॅक्सीत बॅगा ठेवत होते, तो बाजूला उभा होता. मी बाल्कनीत उभी होते. तेवढ्यात त्या पिवळ्या उजेडातून समीर घाईघाईने आला आणि त्याच्यासमोर थांबला.

समीर काहीतरी बोलू लागला. वरून शब्द ऐकू येत नव्हते, पण वाक्य अडलंय हे मानेवरून कळत होतं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. वडिलांनी घड्याळ बघितलं, हाक मारली. याने मागे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. आणि दोन्ही हात खिशात घालून, मान किंचित तिरपी करून, जणू आख्खी दुपार आपल्याकडे पडली आहे असा तो समीरचं वाक्य संपायची वाट बघत उभा राहिला.